मीठचोर अक्का

अक्का,

तुला समाधी देताना मी खड्ड्याच्या अगदी काठावर उभी होते. आपल्याकडे बायका तिथवर फारशा जात नाहीत, पण दाजी म्हणाले, "सुनंदाला येऊ द्या, तिची थोरली बहीण हाय ती," आणि मग कुणी अडवलं नाही. तुला मांडी घालून बसवलं होतं. जंगमस्वामींनी कपाळाला विभूती लावली, डाव्या तळहातावर तुझं इष्टलिंग ठेवलं, बेलाची पानं वाहिली. मग मीठ आलं. आपल्या लिंगायतांत समाधीत मीठ घालतात हे मला नवीन नव्हतं, आप्पांच्या वेळी पाहिलेलं होतं. पण तेव्हा ते नुसतं मीठ होतं. आता माणसं पिशवीमागून पिशवी फोडून तुझ्या मांडीभोवती, कमरेभोवती, पाठीमागं मीठ ओतत होती आणि स्वामी म्हणत होते, "घाला, आणखी घाला, हात आखडू नका." ज्या बाईच्या ताटात मी दोन वर्षं चिमूटभर मीठ पडू दिलं नाही, तिला लोक मिठात बसवत होते. मला एकदम हसू आलं. ते आवरायला मी पदर तोंडात धरला. लोकांना वाटलं, हुंदका दाबते आहे.

तेवढ्यात मागून आवाज आला. माझ्याच क्लासच्या मागच्या एका बॅचचा मुलगा होता, निलंग्याचा, तुमच्याच गल्लीतला. वडिलांबरोबर मातीला आला होता. त्यानं शेजारच्याच्या कानात म्हटलं, "हीच रे ती. मॅडमची मीठचोर अक्का." त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. ओळख पटल्यावर माणूस सहज बोलतो तसं तो बोलला. पण माझं हसू जागच्या जागी आटलं. मान वर करून कुणाकडं बघायची सोय राहिली नाही. त्या दिवसापासून मला एकच प्रश्न खातो आहे. त्या पोराला ओळख पटली, तर तुला पटली नसेल का? अक्का, तू माझा तो व्हिडिओ पाहिला होतास का?

तुला जाऊन अजून महिनाही झाला नाही. लोक भेटायला येतात, चहा घेतात आणि माझं कौतुक करतात. "तुमी लई केलं अक्काचं," म्हणतात. डायलिसिस असला की तू आदल्या दिवशी निलंग्याहून एसटीनं लातूरला यायचीस, माझ्याकडं मुक्काम करायचीस, सकाळी आपण दवाखान्यात जायचो. उरलेल्या दिवशी शाळेत शिकवायला जायचं तू त्यातूनही चुकवलं नाहीस. हे सगळ्यांना माहीत आहे. मी मान खाली घालून ऐकते. त्यांना वाटतं, किती साधी बाई, एवढं करून बोलत नाही.

मला जीवशास्त्र तू शिकवलंस, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. लातूरच्या चौकात क्लासच्या बॅनरवर माझा हसरा फोटो आहे, खाली पदव्या आहेत, डॉक्टर झालेल्या पोरांचे फोटो आहेत. तू नुकतीच शाळेत लागली होतीस आणि मी आठवीत, तुझ्याच वर्गात. घरी अक्का, शाळेत बाई, आणि चुकून शाळेत अक्का म्हटलं की छडी. पेशीचा धडा होता. पुस्तकात पटलाबद्दल दोन ओळी होत्या. त्या वाचून तू पुस्तक मिटलंस आणि सगळ्या पोरींना मैदानावर घेऊन गेलीस.

आम्ही सगळ्या दोन वेण्यांच्या. तू दोन रांगा केल्यास, पाठीला पाठ लावून, तोंडं बाहेर, वेण्या आत. म्हणालीस, "ह्यो झाला पेशीचा पडदा. डोक्याला पानी आवडतं म्हनून डोकी भाईर. वेण्यांना पानी नगं, म्हनून वेण्या आत." मधे मधे दांडग्या पोरींची जोडी उभी केलीस, ती दारं. मी पाणी झाले आणि फटीतून सुळकन आत शिरले. संगी मीठ झाली, तिला कुणी आत घेईना. तिनं रेटलं, ढकललं, शेवटी रडायला लागली. तू म्हणालीस, "रडू दे. दारावर इचारल्याबिगर मिठाला आत घ्यायचं न्हाई." मग तू बाहेरूनच एकीच्या खांद्यावर टिचकी मारलीस, तिनं मागच्या पोरीला हटकलं, त्या पोरीनं आतल्या पोरीच्या कानात काही सांगितलं, आणि आतली पोरगी गोल गोल पळायला लागली. "मी आत गेले का? न्हाई गेले. निस्ता निरोप गेला. पेशी येकमेकींशी अशाच बोलत्यात, घरात न शिरता." पुढं मी मोठमोठी पुस्तकं वाचली, त्यात त्या दारांची आणि निरोपांची लांबलचक नावं होती. कळलं होतं ते त्या मैदानावरच.

आपलं भांडण कशावरून सुरू झालं, आठवतं का? मी क्लासला शिकवायला लागले आणि तुला हौसेनं माझा तास बघायला बोलावलं. थंडगार हॉल, गळ्यात माईक, समोर ही एवढी पोरं. तू शेवटच्या बाकावर बसून पूर्ण तास ऐकलास आणि बाहेर आल्यावर म्हणालीस, "चारातला येक पर्याय कसा उडवायचा ते लई झ्याक सांगितलंस. पेशी कवा सांगनार?" मला इतका राग आला की मी तुला घरी जेवायला वाढताना भाजी आदळली. म्हटलं, "तुझ्या वेण्यांनी कुणी डॉक्टर होत नाही." तू म्हणालीस, "डॉक्टर होईल न्हाईतर कंडक्टर. आदी कळू तर दे त्याला." हे भांडण आपण वर्षानुवर्षं पुरवून पुरवून केलं. लग्नात, बारशात, आप्पांच्या आजारपणात. कधी तू जिंकायचीस, कधी मी. तुझ्यामागं ते असं अर्धवट राहील असं वाटलं नव्हतं.

मग साखरेनं तुझ्या किडन्या खाल्ल्या. डॉक्टरांनी मीठ जवळजवळ बंद केलं, पाणी मोजून प्यायला सांगितलं. दवाखान्यातल्या त्या खाटेवर पडल्या पडल्याही तुझी शाळा चालू. शेजारच्या खाटेवरच्या मावशींना तू म्हणायचीस, "ह्या नळकांड्यात पडदा हाय बगा मावशी. रक्त इकडनं, पानी तिकडनं, घाण गाळून जाती. पन ह्या पडद्याला अक्कल न्हाई. बारीक कोन, मोठं कोन, येवढंच कळतं त्याला. आपल्या पेशीचा पडदा मानूस ओळखून दार उघडतो." मावशी हसायच्या, तिथला ब्रदर हसायचा. आणि मी तुझ्या कानाशी लागून म्हणायची, "अक्का, हळू बोल गं." त्या वॉर्डात माझ्या विद्यार्थ्यांचे पालक असायचे. ही मोठ्या आवाजात, निलंग्याच्या बोलीत बोलणारी बाई माझी बहीण आहे, हे त्यांना कळू नये असं मला वाटायचं. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे आणि लिहिताना कान तापले आहेत.

मिठाच्या बाबतीत मात्र तू खरंच चोर होतीस, हे तू गेलीस म्हणून मी नाकारणार नाही. मी मीठ वरच्या फळीवर ठेवलं, तू स्टूल घेतलंस. सांडगी मिरच्या मी शेजारणीला देऊन टाकल्या, तू शेजारणीशी मैत्री केलीस. एकदा तुझ्या चष्म्याच्या घरात खारे शेंगदाणे सापडले. मी विचारलं, "चष्मा कुठाय मग?" तर तू निर्लज्जासारखी म्हणालीस, "नाकावर." मला हसू आलं होतं. मी हसले असते तर बरं झालं असतं. मी तुला चांगलं अर्धा तास व्याख्यान दिलं.

आणि ती कैरीची दुपार. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यातली. तुझ्या पायांवर सूज होती, बोट दाबलं की खड्डा पडत होता. मी स्वयंपाकघरात आले तर तू ओट्याशी उभी, डाव्या तळहातावर मिठाचा छोटा ढीग, उजव्या हातात कैरीची फोड, डोळे मिटलेले. मी तुझं मनगट पकडलं. डायलिसिससाठी ज्या हातातली शीर जोडून घेतली होती, तोच हात. त्या हाताला दाब द्यायचा नसतो, हे मला पाठ होतं. माझ्या मुठीत ती शीर थरथरत होती आणि मी तुला ओढत बेसिनपाशी नेलं, नळ सोडला आणि लहान लेकराचा धुवावा तसा तुझा तळहात धुतला. पदराला हात पुसलास आणि खुर्चीत बसलीस. मग म्हणालीस, "सुने, तहान लागती गं. जिभंला न्हाई. आतून लागती."

मी म्हणाले, "तहान नाही ती, चटक आहे."

दुसऱ्या दिवशी तुला दवाखान्यात सोडून मी क्लासला गेले. दुपारच्या जेवणानंतरचा तास, पोरं पेंगत होती, धडा पेशीपटलाचा. झोप उडवायला गोष्ट लागते, आणि माझ्याकडं ताजी गोष्ट होती. "एक अक्का आहे बरं का माझ्या ओळखीची, निलंग्याकडची," असं मी सुरू केलं. तुझं स्टूल सांगितलं, चष्म्याचं घर सांगितलं, कैरी सांगितली. डोळे मिटून तळहात चाटून दाखवला. मग तुझा आवाज काढला. "उगं येवढंच चाटलं की वं मॅडम!" हॉल हसून लोळायचा बाकी. ती बोली तुझी होती तशी माझीही होती. लातूरला आल्यावर मी ती घासूनपुसून काढली होती आणि आता हसवायला परत आणली होती. पोरं हसत होती तेव्हा मी शेवटचा तडका दिला. "मग काय झालं? मीठ पेशीत शिरलं, मिठामागं पाणी शिरलं, आणि आमची अक्का फुगली!" असं म्हणून मी गाल फुगवून डुलत डुलत फळ्यापर्यंत चालले.

तेवढाच तुकडा कापून क्लासच्या चॅनेलवर टाकला गेला. नाव दिलं 'मीठचोर अक्का'. तो खूप फिरला. प्रवेशाला आलेले पालक मला बघून आधी गाल फुगवायचे आणि मग नमस्कार करायचे. मीही हसायची. पुढच्या बॅचला मी तीच गोष्ट पुन्हा सांगितली, आणखी रंगवून. नाव कुठं घेतलंय आपण, असं मी स्वतःला बजावत होते.

आणि अक्का, त्यात धडधडीत चूक होती. तुला सांगायची गरज नाही, पण मला एकदा तुझ्यासमोर म्हणायचं आहे. खाल्लेलं मीठ पेशीत शिरून बसत नाही. दारं त्याला बाहेरच ठेवतात, चुकून आत आलंच तर परत हाकलतात. ते पेशींच्या बाहेर साठतं आणि पेशींच्या आतलं पाणी बाहेर ओढून घेतं. सूज दिसते ती पेशींच्या बाहेरच्या पाण्याची. आतल्या पेशी मात्र वाळत जातात, आणि वाळलेल्या पेशींनी मेंदूत पाठवलेला निरोप म्हणजे तहान. अंगभर पाणी साचलेलं आणि माणूस तहानेनं कासावीस, असं होतं ते यामुळं. आतून लागते, असं तू म्हणाली होतीस ते शब्दशः बरोबर होतं. मला हे येत नव्हतं असं नाही. पण 'फुगली' म्हटलं की पोरं हसतात. 'वाळली' म्हटल्यावर कोण हसणार?

काही आठवड्यांनी, तुझ्या हातात सुया होत्या, मशीन चालू होतं, मी शेजारी पेपर तपासत होते. तू छताकडं बघत म्हणालीस, "सुने, मिठानं पेशी फुगती का गं?"

मी पेपरवरून डोळे न काढता म्हणाले, "परीक्षेला इतक्या खोलात विचारत नाहीत."

"परीक्षेचं कुटं इचारलं मी?"

"मग आता तू मला शिकवणार का?" मी एवढ्या जोरात बोलले की ब्रदरनं वळून पाहिलं. तू म्हणालीस, "न्हाई गं बाई. उगं इचारलं." आणि डोळे मिटलेस. मी चहा घेऊन येते म्हणून उठले आणि खाली गाडीत जाऊन बसले. मशीन थांबायची वेळ झाली तेव्हाच वर आले.

तू उगाच विचारलं होतंस की पाहून विचारलं होतंस, हे मला त्या दिवशी विचारता आलं असतं. एवढं एक वाक्य. पण उत्तर 'पाहिलं' असं आलं तर काय, या भीतीनं मी काय केलं ते लोकांना माहीत नाही, तुला माहीत आहे. पुढच्या खेपेला मी जादा तास आहे असं सांगितलं आणि ऑटोवाल्या रफिकभाईंना तुला दवाखान्यात सोडायला लावलं. त्याच्या पुढच्या खेपेला पुन्हा जादा तास. मग ते तसंच अंगवळणी पडून गेलं. रफिकभाई तुला नुसते सोडून गेले नाहीत, तुझ्याजवळ बसत राहिले, हे मला तू गेल्यावर त्यांनीच सांगितलं. "लई बोलायच्या अक्का," म्हणाले, "मला समदी किडनी पाठ झाली मॅडम." तू घरी आल्यावर तशीच बोलायचीस, हसायचीस, जेवायचीस. एकदाही म्हणाली नाहीस की तू का येत नाहीस. मीही तुझ्या ताटात मोजून वाढत राहिले. शेवटी तू निलंग्याला, आपल्या घरी, झोपेतच गेलीस. दाजी म्हणतात, काही त्रास झाला नाही. त्यांना काय कळणार, आणि मला तरी काय कळणार.

मातीवरून परतल्यावर मी क्लास चालवणाऱ्या सरांना फोन केला, म्हटलं तो व्हिडिओ काढून टाका. ते म्हणाले, "मॅडम, तुमचं दुःख मी समजू शकतो. पण ॲडमिशनचे दिवस आहेत. आणि त्यात नाव कुठं आहे कुणाचं?" माझंच वाक्य त्यांनी मला परत दिलं. मी "बरं" म्हणून फोन ठेवला. डस्टर जागेवर नसलं तरी आकाशपाताळ एक करणारी मी, तिथं एक शब्द जास्त बोलले नाही.

नवीन बॅच सुरू झाली. पेशीचा धडा मी पुढं ढकलला आहे, आधी वर्गीकरण घेतलं. पण पहिल्याच दिवशी पुढच्या बाकावरची एक मुलगी उठली, "मॅडम, मीठचोर अक्काची गोष्ट कधी सांगणार?" सगळा हॉल आधीच हसायला लागला. तिथंच सांगायला हवं होतं की ती माझी बहीण, ती गेली, आणि गोष्ट चुकीची आहे. माईक गळ्यातच होता. मी म्हणाले, "धडा येईल तेव्हा बघू," आणि फळ्याकडं वळले.

परवा दाजींचा फोन आला. तुझं शाळेतलं कपाट रिकामं करायचं होतं, त्यांना तिथं जाववेना. मी गेले. मुख्याध्यापक मीटिंगला गेले होते, शिपायानं मला नववीच्या वर्गात नेलं, तुझं कपाट तिथंच. तुझ्या तासाला अजून कुणी बाई मिळालेली नाही म्हणून पोरी आपल्या आपण बसल्या होत्या. मी डोक्यावरून पदर घेतला होता. त्यातल्या एकीनं विचारलं, "तुमी बाईंच्या कोन?"

"पाहुणी," मी म्हणाले. बघ अक्का, तुझ्या शाळेतसुद्धा.

पोरी मदतीला आल्या. तुझा स्वेटर निघाला, चहाचा कप, काचपट्ट्यांची पेटी, कांद्याचा पापुद्रा काढायचा चिमटा. बोलण्याच्या ओघात मी विचारलं, बाईंनी पेशी शिकवली होती का तुम्हाला. खरं तर मला दुसरंच विचारायचं होतं.

"मागल्या साली, आठवीत," ती पोरगी म्हणाली. "मोबाईलवर व्हिडिओ बी दाखवला हुता. लातूरच्या मॅडमचा. मीठचोर अक्का."

मी कपाटाच्या दाराला धरून उभी राहिले. "त्यातली अक्का कोण, ते सांगितलं का बाईंनी?"

"हाव! आमी इचारलं, बाई, ही चोर कोन वं? तर म्हनल्या, मी हाय की! आन् गाल फुगवून चालून दाखवलं." पोरी खिदळल्या आणि मग बाई आता नाहीत हे आठवून गप्प झाल्या. दुसरी म्हणाली, "लई हसल्या हुत्या बाई. म्हनल्या, ही माझी धाकटी बहीन, माझ्याच हाताखाली शिकली. माझा आवाज बगा कसा काढती."

"मग?"

"मग म्हनल्या, ह्यात येक चूक हाय, हुडका. कुनालाच घावना. मग ह्या संध्याला घावली." संध्या म्हणजे मघाची पहिली पोरगी. ती लाजली, पण सांगितलं तिनं, न अडखळता. "पेशी फुगत न्हाई. मीठ भाईर राहतं, आतलं पानी भाईर येतं, पेशी वाळती. म्हनून तर बाईंना तहान लागायची." मी मान हलवली. ती पुढं बोलतच होती. "मी म्हनलं, बाई, मी खाली कमेंटमधी लिव्हते, चूक हाय म्हनून. तर म्हनल्या, नगं गं लेकरा. तिला कळू देऊ नगा. चूक दाखवली की रुसती ती. मग माझ्यापाशी बसाया येत न्हाई."

माझा पदर खांद्यावर आला होता. संध्या माझ्या तोंडाकडं बघत राहिली, मग तिनं शेजारणीचा हात घट्ट धरला. "आगं," ती दबक्या आवाजात म्हणाली, "सांगू नका म्हनल्या हुत्या न्हवं का बाई."

मी रुसले नाही गं अक्का. तिथंच खाली बसले, पोरींच्यात, शाळा सुटेपर्यंत.